कोपऱ्याला कोपरा

‘हात ढिला सोड,’ विमावाला माझ्या कानाशी म्हणाला, आणि त्याच्या तळहाताचा घाम माझ्या मनगटावरून कोपराच्या दिशेनं निघाला.

मी हात ढिला सोडला. घामाला उतार मिळाला.

‘आत्ता मी बाई आहे,’ तो म्हणाला. ‘तू मला मागे न्यायचं. ढकलायचं नाही. न्यायचं.’

बॉलरूम आणि लॅटिन नृत्याच्या त्या प्राथमिक वर्गात पुरुष जास्त आणि बायका कमी होत्या, त्यामुळे प्रत्येक गाण्याला कुणातरी पुरुषाला बाई व्हावं लागायचं. विमावाला हौसेनं व्हायचा. बाईला उलटं चालायचं असतं, दिशा समोरच्यानं बघायची असते, त्यामुळे तोंड मोकळं राहतं आणि पॉलिसीबद्दल निवांत बोलता येतं, असं त्याचं म्हणणं. वॉल्ट्झच्या एका गाण्यात त्यानं मला माझ्या मृत्यूचे सगळे फायदे समजावून सांगितले होते.

‘डावा पुढे! उजवा बाजूला! डावा जवळ!’ सर टाळ्या वाजवत ओरडत होते. ‘जमिनीवर चौकोन काढायचाय! खाली बघू नका! पाय तुमचेच आहेत, कुठे जात नाहीत!’

माझे जात होते. माझ्या चौकोनाला कधी तीन बाजू व्हायच्या, कधी सहा, आणि त्यातली एक तरी विमावाल्याच्या बुटावरून जायची.

मी झुरळं मारतो. पेस्ट कंट्रोलच्या कंपनीत आहे. झुरळं, उंदीर, ढेकूण, वाळवी, लोकांच्या घरात जे जे भाडं न देता राहतं ते माझ्याकडे येतं. हॉटेलांच्या फ्रीजमागे मी खांद्यापर्यंत हात घातलेला आहे. एका टाकीतून असा उंदीर काढलाय, की तो येताना दोन हप्त्यांत आला. त्यामुळे आपल्याला किळस म्हणून काही उरलेली नाही, असा माझा समज होता. नाचाच्या वर्गात तो दूर झाला. झुरळाचं बरं असतं, ते तुम्हाला बघून पळतं. माणूस पळत नाही. तो हसतो आणि हात पुढे करतो.

आणि काय ते हात! एकीचा हात थंडगार आणि मऊ, आत हाड असल्याचा काही पुरावा नाही. एक दातांच्या डॉक्टरबाई होत्या. त्या दिवसभर लोकांच्या जबड्यात काम करून सरळ वर्गात यायच्या आणि त्यांच्या बोटांना लवंगेच्या तेलाचा वास यायचा. रुम्बा करताना मला सारखं वाटायचं, की आता या ‘आ करा’ म्हणणार. रुम्ब्यात कंबर हलवायची असते. म्हणजे सरांच्या म्हणण्याप्रमाणे कंबर हलवायचीच नसते, गुडघे एकाआड एक वाकवायचे, मग कंबर आपोआप हलते. वर्गातल्या कुणाच्याही कंबरेला हे कळवलेलं नव्हतं. सगळे आपापलं बूड धरून नेल्यासारखे इकडून तिकडे करत होते. आरशात ते सगळं पुन्हा एकदा दिसायचं.

आरशाबद्दल न बोललेलं बरं. भिंतभर आरसा, आणि त्यावर माणसाच्या उंचीला कपाळांचे तेलकट ठसे. हॉल टायरच्या दुकानावर होता, त्यामुळे नाचताना रबराचा वास यायचा, आणि थांबलं की मोज्यांचा. सरांना सहकारी बाई परवडत नव्हती, म्हणून ते शिंप्याकडून आणलेल्या बिनडोक्याच्या पुतळ्याबरोबर करून दाखवत. पुतळ्याची कंबर हात लागून लागून काळी पडली होती. ‘बघा, किती छान फॉलो करते,’ असं सर म्हणायचे. बाकी सगळ्यांपेक्षा करायची, हे खरं.

मी तिथे होतो तो आईमुळे.

आई हॉस्पिटलच्या लाँड्रीत होती. उभा जन्म तिथे गेला. खाली तळघरात चादरी यायच्या, त्यांवर काय काय असायचं ते मी सांगत नाही, आणि तीही जेवताना सोडून कधी सांगायची नाही. उकळतं पाणी, कॉस्टिक सोडा, ब्लीच, मग रोलरची इस्त्री आणि शेवटी घड्या. घड्या घालायला दोघी लागत. आईच्या जोडीला लंबू होती. तिचं खरं नाव पगाराच्या कागदावर असेल; तळघरात कुणी ते वापरलं नाही. लंबू उंच, आई बुटकी. चादर ताणायची, झटकायची, चालत जवळ यायचं, आईनं आपले कोपरे वर लंबूच्या हातात द्यायचे आणि वाकून खालची घडी उचलायची, पुन्हा मागे सरायचं. इतकी वर्षं हेच. दोघी एकाच महिन्यात निवृत्त झाल्या. तिसऱ्या महिन्यात लंबू गेली. रात्री झोपली ती उठलीच नाही.

त्यानंतर आई घरच्या चादरींची घडी एकटी घालायला लागली. मधला भाग हनुवटीखाली धरायचा आणि दोन्ही हात फाकवायचे. मी एकदा म्हणालो, ‘थांब, मी धरतो.’ तर म्हणाली, ‘नको, तू चोळामोळा करतोस.’ आणि एके दिवशी टायरच्या दुकानावरचा बोर्ड वाचून घरी आली.

‘नाच?’ बाबा टीव्ही बंद न करता म्हणाले. ‘अगं, या वयात?’

‘मग कुठल्या वयात? त्या वयात पाळणा हलवत होते मी.’

‘कुणाबरोबर?’

‘तुम्ही चला.’

‘लग्नात उभा राहिलो ना तुझ्याशेजारी? तेवढं पुरे.’ बाबांनी आवाज वाढवला. टीव्हीचा.

‘मग हा येईल,’ आई माझ्याकडे बघून म्हणाली. जोडीनं आलं तर शुल्कात सूट होती.

‘आई, तुला नाच येतो तरी का?’

‘दोघांनी मिळून पुढे यायचं, मागे जायचं. एवढंच ना? ते मला येतं.’

आणि तिला यायचं. हे मला सगळ्यात जड गेलं. पहिल्या शनिवारी सर म्हणाले, समोरचा कुठे निघालाय ते हातातून कळायला हवं, डोळ्यांनी नव्हे. लोक एकमेकांना ओढत होते, गुडघे आपटत होते, सॉरी म्हणत होते. आई शांतपणे मागे गेली, बाजूला गेली, जवळ आली. मला वाटलं मी नेतोय. नंतर कळलं की मी जायच्या आधीच ती तिथे पोचलेली असायची.

‘मनगट नाही!’ सर माझ्यावर ओरडले. ‘आईंचा हात धरा! तळहाताला तळहात!’

‘हो सर,’ मी म्हणालो आणि पुन्हा मनगट धरलं.

चा-चा-चा तर तिनं एका दिवसात उचलला. दोन मोठी पावलं आणि मग तीन बारीक, भराभरा. सर ‘चा-चा-चा’ म्हणायचे, ती तोंडातल्या तोंडात ‘ता-ण-ते’ म्हणायची. दर गाणं संपलं की सर टाळी वाजवायचे, ‘जोडी बदला!’ आणि बायका एक घर पुढे सरकायच्या. आई माझ्याकडून विमावाल्याकडे, तिथून चष्मेवाल्याकडे. या चष्मेवाल्याचं चष्म्यांचं दुकान होतं. माणूस टापटीप, भांग इतका सरळ की त्यावर पट्टी ठेवावी. त्याच्याकडून ती त्याच्या पुढच्याकडे जायची. मी पंजातल्या पंजात दुसऱ्या बाईचा घाम मोजत असताना आरशात बघायचो, तर माझी आई परक्या पुरुषाच्या खांद्यावर हात ठेवून हसतेय. दात दिसेपर्यंत. आपल्या आईला खांदे असतात, कंबर असते, ती तिला हलवता येते, हे मुलाला दाखवायची काही गरज नसते. मी खाली पायांकडे बघायचो. सर ओरडायचे.

शेवटच्या शनिवारी छोटा कार्यक्रम ठरला होता. खुर्च्या मांडायच्या, घरच्यांना बोलवायचं, आणि वॉल्ट्झ. त्या दिवशी जोडी बदलायची नाही, असं सरांनी जाहीर केलं.

‘म्हणजे अख्खं गाणं एकाच माणसाबरोबर?’ आईनं हात वर करून विचारलं.

‘अख्खं.’

स्कूटरवर मागे बसून घरी येताना ती म्हणाली, ‘लंबूबरोबर एक अख्खं गाणं व्हायचं. वरच्या वॉर्डातल्या रेडिओवर लागलं की खाली ऐकू यायचं. गाणं संपेस्तोवर आम्ही थांबायचो नाही.’ थोड्या वेळानं म्हणाली, ‘तुझा चौकोन तेवढा नीट कर.’

मी म्हणालो, करतो. तिनं मागून माझ्या शर्टाला धरलं होतं. शर्टालाच, हे मला बरं वाटलं.

पुढच्या शनिवारी सरांनी मला बाहेर जिन्यावर बोलावलं. पुतळा काखेत होता.

‘तुमच्या आई स्टेप छान पकडतात.’

‘हो.’

‘ताल आहे त्यांना.’

‘आहे.’

‘म्हणजे बघा ना, वर्गात त्यांच्याइतकं कुणीच...’ सरांनी पुतळा दुसऱ्या काखेत घेतला. ‘त्यांच्या हातांना काही झालंय का?’

मी कठड्यावरची धूळ पुसली.

‘नाही, म्हणजे कातडी जरा निघते ना. पापुद्रे. कुणाकुणाला वाटतं, की ते लागण्यासारखं आहे.’

‘लागण्यासारखं नाही. सोडा आहे तो. लाँड्रीतला.’

‘मला माहीत आहे हो! पण लोक पैसे भरून येतात. कुणी बोलतं, कुणी बोलत नाही. दोघं-तिघं म्हणाले, आमच्याकडे त्यांचा नंबर लावू नका.’ सरांना खरोखरच वाईट वाटत होतं. अशा वेळी माणूस अधिकच किळसवाणा दिसतो. ‘तुम्ही घरचे आहात. हळूच सांगून बघा. हातमोजे वगैरे. नाहीतर शेवटच्या दिवशी मागच्या रांगेत...’

‘कोण म्हणालं?’

‘ते जाऊ द्या.’

मी आत गेलो आणि एकेकाकडे बघितलं. डॉक्टरबाई, कुणाच्याही किडक्या दाढेत बोट घालणाऱ्या. विमावाला, ज्याचा हात पिळला तर बादली भरली असती. आणि चष्मेवाला. त्याच्याकडून आई पुढे सरकली, तसा त्यानं खिशातून चष्मे पुसायचा फडका काढला आणि एकेक बोट पुसलं. सावकाश, कडेनं, मग मधे.

त्या रात्री मला आईला सांगायचं होतं. मी जेवताना तोंड उघडलं, घास घातला, बंद केलं. ‘तुझ्या हातांची लोकांना किळस येते,’ हे वाक्य कसंही फिरवलं तरी तेच राहायचं. गिऱ्हाइकाला मी कितीतरी वेळा बिनदिक्कत सांगितलंय, की बाई, तुमच्या गादीत ढेकणांच्या तीन पिढ्या आहेत. पण ती गादी असते.

मग मला एक उपाय सुचला. माझ्या धंद्यातल्या माणसालाच सुचावा असा.

पुढच्या शनिवारी मी वर्गात टॉर्च घेऊन गेलो. वॉल्ट्झच्या मधोमध थांबलो, गुडघ्यावर बसलो, चाकूच्या टोकानं फळीची फट खरवडली आणि उसासा टाकला. आमच्या धंद्यात उसासा हे मुख्य औषध. उसासा टाकला की गिऱ्हाईक गप्प होतं.

‘काय आहे?’ चष्मेवाल्यानं विचारलं.

‘किडा.’

‘कुठाय?’

‘दिसत नाही. तोच तर त्रास आहे.’

‘नाव काय त्याचं?’ डॉक्टरबाई.

‘लांबलचक आहे. लॅटिन.’

‘मग योग्य ठिकाणी आलाय,’ विमावाला म्हणाला. कुणी हसलं नाही.

‘फळ्यांत राहतो,’ मी सांगितलं. ‘पायांच्या थापांनी वर येतो. घामावर जगतो आणि एका हातावरून दुसऱ्या हातावर जातो.’

सगळ्यांनी विमावाल्याकडे बघितलं. त्यानं हात खिशात घातले.

‘घाबरायचं कारण नाही,’ मी म्हणालो आणि पिशवीतून कंपनीच्या निळ्या हातमोज्यांचे खोके काढले. ‘सगळ्यांनी घाला. सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी.’

सरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी पहिल्यांदा स्वतः मोजे घातले. पुतळ्याला हात नव्हते, तो सुटला.

आईनं मोजा उलटसुलट करून पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि एका ओढीत चढवला. तिला सवय होती. निवृत्तीच्या वर्षी लाँड्रीत मोजे आले होते.

मग रुम्बा झाला. सगळा वर्ग निळ्या पंजांनी एकमेकांना धरून कंबर हलवत होता; रोगी वाचल्याच्या आनंदात डॉक्टर मंडळी नाचायला लागावीत तसं ते दिसत होतं. रबराला रबर घासून हॉलभर करकर, खालून टायरचा वास. चष्मेवाल्याकडून आई पुढे सरकली, त्यानं खिशात हात घातला, फडका बाहेर काढला, मोज्याकडे बघितलं आणि फडका परत ठेवला. इतका गोड क्षण माझ्या आयुष्यात नाचामुळे आला नव्हता. आई फिरून माझ्याकडे आली तेव्हा मी तिचा अख्खा पंजा धरला. तळहाताला तळहात.

‘शाब्बास!’ सर म्हणाले. ‘मनगट सुटलं एकदाचं!’

आईनं मोज्याची बोटं ओढून नीट बसवली.

इथे थांबलं असतं तर मी हुशार ठरलो असतो. पण किडा वाढला. नसलेला किडा असलेल्यापेक्षा लवकर वाढतो, हे मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगतो, स्वतःला सांगायचं राहिलं. डॉक्टरबाईंच्या हाताला पुरळ आलं. चष्मेवाल्यानं नाचाचे कपडे उकळले. पँट त्याच्या मुलाला व्हायला लागली. विमावाल्याला पाठीत चालल्यासारखं वाटायचं. एक जोडपं एकमेकांना खाजवत बसायचं आणि त्यांच्यात बऱ्याच वर्षांनी बोलणं सुरू झालं म्हणे. पण पुढच्या शनिवारी निम्मा वर्ग आला नाही, आणि कुणीतरी हॉलच्या मालकाला फोन केला.

मालकानं कुलूप घातलं. फवारणी होऊन सगळं साफ झाल्याशिवाय हॉल कुणालाही देणार नाही म्हणाला. सरांचा मला फोन आला. पुढच्या महिन्यात त्यांना दुसऱ्या गावी वर्ग होता, थांबता येत नव्हतं. ‘तुमचा हेतू चांगला होता,’ ते म्हणाले. ‘आईंना माझा नमस्कार सांगा. वॉल्ट्झ सोडू नका म्हणावं.’ मागे पुतळा कुठेतरी आपटल्याचा आवाज आला.

शेवटचा शनिवार रद्द झाला, हे मी आईला सांगितलं तेव्हा ती चादरीची घडी घालत होती. हनुवटीखाली चादर असल्यामुळे तिला बोलता येईना. घडी पूर्ण करून कपाटात ठेवली आणि म्हणाली, ‘बरं.’

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ‘टायरच्या दुकानावर हॉल आहे. कसला तरी लॅटिन किडा झालाय म्हणे. तुझ्या घराजवळच आहे. तूच जा.’

मी शनिवार घेतला. फवारणीच्या पंपात साधं पाणी भरलं आणि कंपनीच्या जुन्या चादरी स्कूटरला बांधल्या. फवारताना खुर्च्या आणि यंत्रं झाकायला आम्ही चादरी नेतो. या चादरी हॉस्पिटलातून बाद झालेल्या. आईनंच लाँड्रीत असताना साहेबांना मिळवून दिल्या होत्या. कोपऱ्यात हॉस्पिटलचा शिक्का अजून दिसतो. मी निघालो तर आई चपला घालून दारात.

‘मी येते.’

‘आई, औषध असतं. नाकात जातं.’

‘पाणी भरलंयस. मघाशी नळाखाली पंप धरला होतास, पाहिलं मी.’

मी चादरी सरकवून तिला स्कूटरवर जागा केली.

हॉलमध्ये आम्ही दोघंच. खुर्च्या एका बाजूला, मधे मोकळी जमीन. मी खुर्च्यांवर आणि आरशावर चादरी पसरल्या, पाणी फवारलं, आणि करायचंच म्हणून आरसा भिंतीपासून थोडा सरकवून मागे टॉर्च मारला.

झुरळं होती. खरीखुरी. आरशाच्या पाठीला खालपासून वरपर्यंत, ओळीनं, एकमेकांना चिकटून. आम्ही सगळे दर शनिवारी ज्या आरशात आपली ऐट बघत होतो, त्याच्या बोटभर मागे हा वर्ग भरत होता. मिशा हलवत बसली होती. कुणालाच कुणाची किळस नव्हती.

‘काय रे?’

‘झुरळं.’

‘बघ, काहीतरी निघालं. पैसे फुकट नाही गेले मालकाचे.’

मी सुईच्या पिचकारीतून फटीफटीत जेल भरत बसलो. ते खाऊन मरतात सावकाश. एकदोन माझ्या बोटांवरून पळाली. आई एका झाकलेल्या खुर्चीवर बसली होती, हात मांडीत.

‘सरांनी सांगितलं का तुला?’ तिनं विचारलं.

‘काय?’

‘माझ्या हातांचं.’

मी पिचकारी थांबवली.

‘तो चष्मेवाला पहिल्या दिवसापासून बोटं पुसायचा,’ ती म्हणाली. ‘मी म्हटलं, पुसू दे. दुकानातली सवय असेल. डॉक्टरीण श्वास रोखायची. विमावाल्याला तेवढं काही नव्हतं. त्याला कुणीही चालतं.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘काय बोलू? नाच शिकायला गेले होते. तो शिकत होते.’ मग खिडकीकडे बघत, अगदी सहज, म्हणाली, ‘आणि तू तरी कुठे धरत होतास? मनगट धरायचास. नाडी बघितल्यासारखं.’

मी टॉर्च बंद केला. पुन्हा लावला.

‘राग नाही रे. मीच तोंडावरून हात फिरवला की मला खरखरतो.’

खाली दुकानात कुणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं. बराच वेळ भरत होतं.

‘आजचाच होता ना शेवटचा दिवस?’

‘हो, आई.’

‘अख्खं गाणं.’

‘हो.’

‘गेलं ते,’ ती म्हणाली, धुण्यात गेलेल्या बटणाबद्दल बोलावं तसं. मग गुडघ्यांवर हात टेकून उठली. ‘चल, चादरी आवर. तू त्यांचा बोळा करून नेशील. तिकडची टोकं धर.’

मी धरली.

‘अशी नाही. अंगठा आत. ताण. अजून. आता झटक.’

चादर मधेच हवेत फुगली आणि खाली आली. त्यातून पाण्याचा वास आला. माझ्या पंपाचं, नुसतं पाणी.

‘आता ये.’

‘कुठे?’

‘माझ्याकडे, गाढवा. कोपऱ्याला कोपरा.’

मी डावा पाय पुढे टाकला. उजवा. आम्ही जवळ आलो. माझ्या कोपऱ्यांवर तिचे कोपरे आले, आणि कोपऱ्यांबरोबर तिची बोटं. चादरीचे धागे तिच्या पापुद्र्यांत अडकत होते. सोडवताना बारीक चर्र असा आवाज येत होता. मीही अडकलो. जुन्या पॉलिश-पेपरसारखी बोटं, गरम. माझ्या हातांवर मोजे नव्हते. खिशात होते.

‘झुरळांचे हात धुतलेस का?’ तिनं विचारलं.

‘नाही.’

‘शी!’ ती म्हणाली. पण सोडलं नाही.

मग ती वाकली, खालची घडी उचलली, मागे सरली, मी मागे सरलो. ताणलं. झटकलं. पुढे आलो. दुसऱ्या चादरीला मी तिच्या पायावर पाय दिला, तिसरीला नाही. ती तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होती. वॉल्ट्झचं होतं की तळघरातलं, ते मी विचारलं नाही. माझा चौकोन चौथ्या की पाचव्या चादरीला आपोआप जमला. सर नव्हते, त्यामुळे तो कुणी पाहिला नाही. आरशावर अजून चादर होती.

शेवटची चादर सगळ्यात मोठी होती. आम्ही दोन्ही टोकांना गेलो. तिनं ताणली, झटकली, आणि चालत आली. या वेळी जरा भरभर, खाली न बघता. माझ्यापाशी आल्यावर तिनं दोन्ही कोपरे वर केले. डोक्याच्या वर, टाचा उचलून, पार उंच.

मी उंच नाही. मी तिच्याहूनही बुटका आहे.

ती तशीच उभी राहिली. हात वर, नजर माझ्या डोक्याच्या वर, जिथे लंबूचा चेहरा यायचा तिथे. मी टाचा उचलून पाहिल्या. माझी बोटं तिच्या मनगटांपर्यंत पोचली, कोपऱ्यांपर्यंत नाही.

मग तिनं टाचा टेकल्या आणि हात खाली आणले. माझ्या हातांएवढे.

‘घे,’ ती म्हणाली.